ट्यूब ॲम्पचा टोन वारंवार हरवतो: सोप्यापासून अवघडापर्यंत काय काय तपासायचं

हातानं बनवलेल्या, कमी संख्येत निघणाऱ्या ट्यूब ॲम्पबद्दल (निर्वात नळ्यांवर चालणारे गिटारचे ॲम्प्लिफायर) माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार ॲम्प बंद पडल्याची नसते. ॲम्प सुरू होतो, वाजतो, पण ज्या टोनसाठी तो घेतला तो टोन कधी असतो, कधी नसतो. पूर्ण मेलेला ॲम्प शोधायला सोपा. लपंडाव खेळणारा अवघड, आणि बरेच जण तिथेच घाईघाईनं ट्यूबचा नवा संच मागवतात.

लक्षणं

तुमचं यातलं कोणतं ते आधी ठरवा. एकापेक्षा जास्त असली तरी चालेल.

- वाजवता वाजवता आवाज मध्येच दबतो, ट्रेबल जातो. जोरात स्ट्रम मारला किंवा ॲम्पवर हात आपटला की परत येतो.
- सुरुवातीला छान वाजतो, अर्ध्या तासानं तापला की पातळ आणि निर्जीव होतो.
- एक चॅनल ठीक, दुसऱ्यावर गेलं की आवाज खाली.
- बास गायब. सगळं मधल्या पट्टीतच अडकल्यासारखं.
- वरच्या नोटांखाली एक बेसूर, त्या नोटेशी संबंध नसलेला स्वर ऐकू येतो.
- गुणगुण वाढली आहे आणि ताकद कमी झाली आहे.
- एखादा नॉब फिरवताना खरखर. साफ केला की जाते, थोड्या दिवसांत परत येते.
- दोष ठळक असा काही नाही, पण ॲम्प ‘खुलत’ नाही.

यातली पहिली तीन लक्षणं बहुतेक वेळा एकाच घराण्यातली निघतात. दोष एखाद्या भागात नसतो, दोन भागांच्या जोडात असतो: जॅक, स्विच, सॉकेट, प्लग. अशा ॲम्पमध्ये हे जास्त का होतं, तर त्यांची जी खासियत आपण मिरवतो, एका ॲम्पमधून दहा आवाज, ती स्विचमधून येते. डम्बल या ॲम्प बनवणाऱ्याच्या ओव्हरड्राइव्ह स्पेशलच्या वळणाचे ॲम्प बघा: ब्राइट स्विच, रॉक-जॅझ स्विच, फूटस्विचवरचा प्रीॲम्प (सिग्नल आधी वाढवणारा भाग) बूस्ट, ओव्हरड्राइव्हचा रिले, म्हणजे विजेनं चालणारा स्विच. त्यात इफेक्ट्स लूप (बाहेरचे इफेक्ट जोडायचे सेंड आणि रिटर्न जॅक), अर्ध्या ताकदीचा स्विच, कुठे ट्यूब आणि डायोड रेक्टिफायरमधली (एसीचा डीसी करणारा भाग) निवड. प्रत्येक सोय म्हणजे सिग्नलच्या वाटेतला आणखी एक धातूचा स्पर्श, आणि धातू काळा पडतो. याउलट केन फिशर यांचा ट्रेनरेक एक्सप्रेस: एकच चॅनल, मोजके नॉब. क्लीनपासून पूर्ण ओव्हरड्राइव्हपर्यंतचा सगळा प्रवास गिटारच्या व्हॉल्यूम नॉबवर. त्या जातीच्या ॲम्पमध्ये तपासायच्या जागाच कमी असतात. तुमचा ॲम्प या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसतो ते ओळखा. जितके स्विच जास्त, तितका संशय आधी जोडांवर.

हात लावण्याआधी

ॲम्पच्या आत, चासीमध्ये (सर्किट असलेल्या धातूच्या पेटीत), मोठ्या कपॅसिटरांवर ३०० ते ५०० व्होल्ट डीसी असतो, आणि भिंतीतला प्लग काढल्यावरही तो तिथे राहू शकतो. तो जीव घेऊ शकतो. खालच्या एकाही तपासणीसाठी चासी उघडावी लागत नाही. उघडावी लागेल अशी वेळ आली की थांबायचं.

दुसरं, स्पीकर जोडलेला नसताना ट्यूब ॲम्प वाजवायचा नाही. भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेटोळ्यावर प्रचंड व्होल्टेज उसळतं, सॉकेटवर ठिणगी पडते किंवा ट्रान्सफॉर्मरच जळतो. म्हणून आवाज दबत नसेल, पूर्ण जात-येत असेल, तर पुढचं काहीही न करता ॲम्प बंद करा आणि आधी स्पीकरची केबल आणि तिचे दोन्ही जॅक बघा.

१. सगळं काढा: एक गिटार, एक केबल, ॲम्प

पेडलबोर्ड बाजूला. वायरलेस बाजूला. फूटस्विचही काढा आणि चॅनल समोरच्या पॅनलवरून बदला. आवाज सुधारला तर ॲम्प निर्दोष आहे, आणि एकेक वस्तू परत जोडत गेलात की चोर सापडतो. फुकटची तपासणी आहे, म्हणूनच बहुतेक जण ती गाळतात.

केबलबद्दल जरा थांबून. साध्या गिटार केबलची कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरॅड धरा. ६ मीटरच्या केबलमध्ये ६०० झाले. पॅसिव्ह पिकअपचं रेझोनन्स त्यामुळे खाली सरकतं आणि वरची चमक जाते. पेडलबोर्डवरचा बफर (लांब केबलमध्ये सिग्नल टिकवणारं सर्किट) काढून लांब केबलनं थेट वाजवायला लागल्यावर ‘ॲम्प मंद झाला’ असं वाटणारे खूप असतात. मंद झालेलं असतं ते ॲम्पच्या अलीकडचं, केबलमध्येच. ३ मीटरची केबल लावून बघा, फरक लगेच कळतो.

गिटारही बदलून बघा. व्हॉल्यूम पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर) २५० किलोओहमचा की ५०० चा यानंही चमक बदलते, आणि काळवंडलेला आउटपुट जॅक ॲम्पच्या दोषाची हुबेहूब नक्कल करतो.

२. कान आणि जागा

ही तपासणी यादीत असणं काहींना आवडत नाही, पण ती हवीच. कमी आवाजात माणसाच्या कानाला बास आणि अगदी वरचा ट्रेबल कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडलं. मोठ्या आवाजात बसवलेला टोन रात्री मास्टर व्हॉल्यूम खाली करून वाजवला तर पोकळ वाटणारच. शिवाय अशा ॲम्पच्या टोनचा मोठा वाटा पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या ट्यूब), आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर यांवर जोर आल्यावरच तयार होतो. मास्टर २ वर ठेवलात की तो वाटा गैरहजर असतो. तो दोष नव्हे.

१२ इंची स्पीकर वरचे स्वर सरळ पुढे, अरुंद झोतात फेकतो. ॲम्प जमिनीवर आणि तुम्ही शेजारी उभे असाल तर तो झोत गुडघ्यांजवळून जातो. ॲम्प मागे कलवा किंवा उंचावर ठेवा आणि मग टोनबद्दल मत बनवा.

३. स्पीकरची बाजू

इथे तीन गोष्टी बघायच्या.

केबल स्पीकरचीच आहे ना? गिटारची शील्ड केबल दिसायला सारखी असते, पण आतली तार बारीक असते. ती तापते, आवाज खाते, आणि तुटली तर ॲम्प भाराशिवाय राहतो.

इम्पीडन्सचा स्विच कॅबिनेटशी जुळतो का? ८ ओहमच्या कॅबिनेटला ८. चुकीच्या ठिकाणी ॲम्प वाजतो खरा, पण ताकद कमी होते, टोन बदलतो आणि ट्यूब किंवा ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो. हा स्विच फिरवायचा तो ॲम्प बंद असतानाच.

दोन स्पीकर असतील तर ते एकाच दिशेनं हलतात का? एकाच्या तारा उलट जोडल्या गेल्या असतील तर एक कोन पुढे येताना दुसरा मागे जातो आणि बास हवेतच रद्द होतो. ॲम्पपासून कॅबिनेट सोडवा, केबलच्या टोकाला १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा आणि कोनांकडे बघा. दोन्ही एकाच बाजूला सरकले पाहिजेत. स्पीकर बदलल्यानंतर बास गेला असेल तर हीच तपासणी पहिली करा.

४. लूपमध्ये छोटी केबल

लूप असलेल्या ॲम्पवर मी जी तपासणी सगळ्यात आधी करतो ती ही. एक छोटी, चांगली पॅच केबल घ्या आणि इफेक्ट्स लूपच्या सेंडमधून रिटर्नमध्ये लावा. बस.

दबलेला आवाज परत आला? रोग सापडला.

लूपमध्ये काही जोडलेलं नसतं तेव्हा बहुतेक ॲम्पमध्ये सिग्नल रिटर्न जॅकच्या आतल्या एका छोट्या पत्र्याच्या स्पर्शातून पुढे जातो. प्लग घातला की हा स्पर्श उघडतो. ज्याला लूप वापरायची सवय नाही त्याच्याकडे हा पत्रा वर्षानुवर्षं मिटलेलाच असतो. त्याला घासणारं काही नसतं आणि त्यावर ऑक्साइडचा थर चढतो. बारीक सिग्नल त्या थरात अडकतो, मोठा सिग्नल तो भेदून जातो. म्हणूनच जोरात स्ट्रम मारल्यावर आवाज परत येतो. ट्यूब बदलतानाही हेच घडतं: ॲम्प हलतो, पत्रा जरासा सरकतो, टोन परत येतो आणि श्रेय नव्या ट्यूबना मिळतं. काही दिवसांनी पुन्हा तीच कथा.

उपाय: ॲम्प बंद, भिंतीतला प्लग बाहेर. प्लगच्या टोकावर कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारा आणि तो रिटर्नमध्ये दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा. सेंडमध्येही करा. क्लीनर इलेक्ट्रॉनिक्ससाठीचाच हवा. गंज सोडवणारे, बिजागऱ्यांना मारायचे तेलकट फवारे नकोत. तेलाचा थर मागे राहतो आणि धूळ धरतो. वाळायला वेळ द्या, मग सुरू करा.

याच केबलचं तंत्र ॲम्पचे दोन भाग करायलाही कामाचं आहे. गिटारसमोर एखादा क्लीन बूस्ट पेडल ठेवा आणि त्याचा आउटपुट थेट रिटर्नमध्ये द्या. आता फक्त पॉवर विभाग वाजतोय. आवाज भरदार आला तर दोष प्रीॲम्पमध्ये आहे. इथेही मेलेलाच आला तर पॉवर विभाग, ट्रान्सफॉर्मर किंवा स्पीकरकडे वळा. लूप पॅरलल प्रकारचा असेल, म्हणजे त्यावर मिक्सचा नॉब असेल, तर या दोन्ही चाचण्यांमध्ये तो नॉब पूर्ण ‘वेट’कडे ठेवा, नाहीतर मूळ सिग्नल मिसळून गोंधळ होतो.

लूपच नसेल तर हाच संशय इनपुट जॅकवर आणि चॅनलच्या स्विचवर घ्या.

५. स्विच, नॉब, जॅक

ॲम्प बंद ठेवून प्रत्येक नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवा. प्रत्येक स्विच तितक्याच वेळा खालीवर करा. जो स्विच तुम्ही कधीच वापरत नाही त्याच्यावर जास्त मेहनत घ्या. बिघडलेला बहुधा तोच असतो, कारण तो कधी हललेलाच नसतो.

मग ॲम्प सुरू करा आणि कान देऊन दुसरी गोष्ट बघा. खरखर किंवा गुणगुण होत असताना चॅनलचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाज गेला तर तो त्या नॉबच्या आधी तयार होतोय. तसाच राहिला तर नंतर. मग मास्टरही शून्यावर आणा आणि तोच प्रश्न विचारा. दोन नॉब फिरवून तुम्ही ॲम्पचा अर्धा नकाशा कोरा केलात.

नॉब फिरवताना होणारी खरखर साफसफाईनंतर थोड्याच दिवसांत परत येत असेल तर ती धुळीची नाही. मागचा कपलिंग कपॅसिटर (सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा) गळतोय आणि जिथे नुसता सिग्नल असायला हवा तिथे डीसी पोचतोय. असा पॉट कितीही वेळा धुतला तरी खरखरतो. हे तंत्रज्ञाचं काम. अपवाद प्रेझेन्सच्या नॉबचा: काही जुन्या वळणाच्या सर्किटमध्ये त्या पॉटवर रचनेनुसारच डीसी असतो आणि तो थोडा खरखरणारच.

६. भिंतीतलं व्होल्टेज

लक्षण ‘संध्याकाळी मऊ, सकाळी कडक’ असं असेल तर हे बघाच. भिंतीत लावायचा साधा व्होल्ट दाखवणारा मीटर पुरतो. ट्यूब ॲम्पमध्ये बहुधा व्होल्टेज नियंत्रित केलेलं नसतं, त्यामुळे भिंतीत १० टक्के घट झाली की आत सगळीकडे जवळपास तेवढीच होते: ट्यूबच्या प्लेटचं, म्हणजे आतल्या धातूच्या पत्र्याचं, व्होल्टेज खाली येतं, ट्यूब तापवणारा ६.३ व्होल्टचा हीटर ५.७ वर येतो. क्लीन आवाजाची मर्यादा कमी होते, बास सैल पडतो. काहींना तो आवाज आवडतोही, पण तो तुमच्या हातात नसतो. मागच्या पट्टीवर लिहिलेलं व्होल्टेज आणि भिंतीतलं जुळतंय का तेही पाहून घ्या.

गुणगुण घालवण्यासाठी अर्थिंगची पिन तोडणं किंवा टाळणं हा उपाय नाही. आत दोष झाला तर तो व्होल्टेज मग गिटारच्या तारांवर येतो.

७. ट्यूब

इथपर्यंत काही सापडलं नाही तरच ट्यूब. ट्यूब झिजतात हे खरं, पण सगळ्या एकदम बदलल्या तर दोष कुठे होता ते कधीच कळत नाही, आणि दोष सॉकेटमध्ये असेल तर तो तिथेच राहतो.

आधी नुसतं बघा. अंधार करा आणि ॲम्प मागून न्याहाळा. सगळ्या ट्यूबचे हीटर नारिंगी आहेत? काचेच्या आतल्या बाजूला दिसणारी निळसर झाक बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. इलेक्ट्रॉन काचेवर आदळून ती तयार होते. आतल्या भागांच्या मध्ये जांभळी वाफ भरल्यासारखी दिसली तर ट्यूबमध्ये वायू शिरलाय. डोक्यावरचा चंदेरी डाग पांढरा, दुधाळ झाला असेल तर काचेला तडा गेलाय, ट्यूब संपली. आणि पॉवर ट्यूबची करडी प्लेट लाल होताना दिसली तर ॲम्प त्याच क्षणी बंद. त्या अवस्थेत वाजवलेली मिनिटं ट्रान्सफॉर्मरच्या आयुष्यातून वजा होतात.

मग ठोकून बघा. आवाज मध्यम ठेवा, लाकडी काडीनं किंवा पेन्सिलीच्या रबराच्या टोकानं प्रत्येक प्रीॲम्प ट्यूबवर हलकेच टकटक करा. इनपुटच्या पहिल्या ट्यूबवर थोडा टणत्कार ऐकू येणं स्वाभाविक आहे, कारण तिचा आवाज पुढे सगळ्यात जास्त वाढवला जातो. पण घंटेसारखी घुमली, खरखरली किंवा आवाज जाऊ-येऊ लागला तर ती संशयित. ईएफ८६ पेन्टोड वापरणाऱ्या चॅनलमध्ये हे फार दिसतं. मॅचलेस कंपनीच्या डीसी-३० या ॲम्पमध्ये एका चॅनलला हीच ट्यूब आहे. तिचा टोन जाडजूड, सुंदर, पण कॉम्बोमध्ये (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) स्पीकरच्या शेजारी राहून ती लवकर कुरकुरायला लागते. ती बदलण्याआधी मी नेहमी तिच्यावर सिलिकॉनचं कडं चढवून बघतो.

काढण्याआधी कोणती ट्यूब कुठे होती याचा फोटो काढा. थंड होऊ द्या. सरळ वर ओढा, जरा जरा हलवत. गोल गोल फिरवायची नाही, पिना वाकतात. त्याच ट्यूब परत लावून ॲम्प सुधारला तर दोष सॉकेटच्या पकडीत होता. पिना साफ करा. सैल झालेले सॉकेट आवळायला चासी उघडावी लागते.

सुधारला नाही तर एक खात्रीची १२एएक्स७ (नेहमीची प्रीॲम्प ट्यूब) घ्या आणि एका वेळी एकाच जागी लावून बघा. फरक पडला नाही तर मूळ ट्यूब परत जागेवर ठेवा, मगच पुढची. मात्र त्या जागी मुळात १२एएक्स७ होती का हे आधी वाचा. दिसायला सारख्या असलेल्या या ट्यूबचा वर्धन गुणांक वेगळा असतो: १२एएक्स७ चा १००, ५७५१ चा ७०, १२एटी७ चा ६०, १२एवाय७ चा ४० ते ४५, १२एयू७ चा २० च्या आत-बाहेर. जुन्या मालकानं क्लीन आवाज वाढवायला पहिल्या जागी १२एवाय७ टाकली असेल आणि तुम्हाला माहीत नसेल, तर ॲम्प ‘खुलत नाही’ हे बरोबरच आहे. दोष काहीच नाही, आवड वेगळी आहे. मला स्वतःला डम्बलच्या वळणाच्या ॲम्पमध्ये पहिल्या जागी ५७५१ आवडते. ओव्हरड्राइव्ह थोडा कमी होतो, पण बोटांचा दाब जास्त ऐकू येतो.

पॉवर ट्यूबसाठी अदलाबदलीची युक्ती. एका जोडीतली एक ट्यूब लाल होतेय किंवा खरखरतेय असं दिसलं, ॲम्प बंद करून थंड होऊ दिला, की त्या दोघींच्या जागा बदला आणि मिनिटभर बघा. दोष ट्यूबबरोबर नव्या जागी गेला तर ट्यूब वाईट. दोष जुन्याच जागी राहिला तर ट्यूब निर्दोष आहे, त्या सॉकेटचा बायस (ट्यूबमधून किती करंट वाहील ते ठरवणारं व्होल्टेज) पोचत नाहीये किंवा त्याच्या आधीचा कपलिंग कपॅसिटर गळतोय. अशा ठिकाणी नवी जोडी लावलीत तर तीही जळेल.

एक पॉवर ट्यूब मेली असेल तर आवाज कमी होतो आणि गुणगुण वाढते. पुश-पुलमध्ये, म्हणजे ट्यूब दोन बाजूंनी आळीपाळीनं काम करतात त्या रचनेत, दोन बाजूंची गुणगुण एकमेकींना रद्द करते, एक बाजू गेली की ती उघडी पडते.

नवी जोडी लावताना ॲम्प कॅथोड बायसचा आहे की फिक्स्ड बायसचा ते माहीत हवं. व्हॉक्स एसी३० च्या घराण्यातले ॲम्प कॅथोड बायसचे. ते स्वतःला बऱ्यापैकी सांभाळून घेतात, जुळलेली जोडी लावली की झालं. फिक्स्ड बायसच्या ॲम्पमध्ये नव्या जोडीबरोबर बायस मोजून बसवावाच लागतो. वर्ग एबीच्या ॲम्पसाठी प्रचलित मर्यादा कमाल क्षमतेच्या ७० टक्क्यांची: ईएल३४ ची क्षमता २५ वॉट, त्याचे ७० टक्के १७.५ वॉट, प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर एका ट्यूबला साधारण ३९ मिलिॲम्पिअर. बायस फार थंड पडला तर आवाज कोरडा, कडक, नोट विझताना फाटल्यासारखा. फार गरम पडला तर मऊ आणि अल्पायुषी. ‘तापला की टोन जातो’ या लक्षणामागे कधी कधी सरकणारा बायसच असतो. मोजायच्या जागा चासीबाहेर दिलेल्या असतील आणि मीटर वापरायची सवय असेल तरच स्वतः करा.

रेक्टिफायर ट्यूब असेल तर तिचाही टोनवर हात असतो. जीझेड३४ मध्ये व्होल्टेजची घट थोडी होते, ५वाय३ मध्ये जास्त, म्हणून ५वाय३ नं नोट दाबल्यासारखी मऊ सुरू होते. पण मनाला येईल ती लावू नका. जीझेड३४ चा हीटर १.९ ॲम्पिअर घेतो, ५वाय३ चा २ आणि ५यू४ चा ३. ट्रान्सफॉर्मर ३ साठी बनवलेला नसेल तर तो तापून जाईल.

फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा, त्याच प्रकारचा लावा, एकदाच. दुसरा उडाला की ॲम्प बंद ठेवा. जास्त ॲम्पिअरचा फ्यूज किंवा चांदीचा कागद म्हणजे फ्यूजच्या जागी ट्रान्सफॉर्मर जाळण्याची व्यवस्था.

८. गुणगुणीचा स्वर ओळखा

तंत्रज्ञाकडे जाण्याआधीची शेवटची, फुकटची तपासणी. गुणगुण पुरवठ्याच्या फ्रीक्वेन्सीची आहे की तिच्या दुप्पट? पुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर दुप्पट म्हणजे १००, आणि सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ९८ हर्ट्झचा असतो. तो वाजवा. गुणगुण त्याच स्वराच्या अगदी जवळ असेल तर ती १०० ची, एक सप्तक खाली असेल तर ५० ची. पुरवठा ६० हर्ट्झचा असेल तर १२० चा स्वर त्याच तारेच्या सहाव्या आणि सातव्या फ्रेटच्या मध्ये पडतो.

पुरवठ्याच्याच फ्रीक्वेन्सीची गुणगुण हीटर, अर्थिंगचा फेरा किंवा पिकअपकडे बोट दाखवते. गिटार दुसऱ्या दिशेला वळवून बदलली तर पिकअप. दुप्पट फ्रीक्वेन्सीची बहुधा फिल्टर कपॅसिटरकडे (डीसी सपाट करणारे मोठे कपॅसिटर), नाहीतर एकमेकींशी न जुळणाऱ्या पॉवर ट्यूबकडे. वरच्या नोटांखाली येणारा तो बेसूर स्वरही याच कपॅसिटरांचा: त्यांच्यातून सुटलेली लहर तुमच्या नोटेत मिसळते. या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांना वय असतं. १५-२० वर्षं झालेल्या ॲम्पमध्ये ते मूळचेच असतील तर संशय पक्का धरा.

इथे थांबा

पुढच्या परिस्थितीत स्वतः काही करायचं नाही. प्लेट लाल होणं जागेवरच राहिलं. दुसरा फ्यूज उडाला. जळका वास, धूर किंवा डांबरासारखं काही वितळून आलं. गिटारच्या तारांना किंवा चासीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या. असं झालं तर प्लग काढा आणि दुरुस्त होईपर्यंत परत लावूच नका. दुप्पट फ्रीक्वेन्सीची गुणगुण ट्यूब बदलूनही राहिली. साफ केलेला पॉट पुन्हा खरखरला. आणि वरच्या सगळ्या तपासण्या होऊनही तापल्यावर टोन जातोच.

यातल्या बहुतेकांची उत्तरं चासीच्या आत आहेत: गळका कपलिंग कपॅसिटर, सरकलेला प्लेट रेझिस्टर, सॉकेटच्या पायाशी तडकलेला सोल्डर. उघडण्याआधी कपॅसिटर सुरक्षितपणे रिकामे करणं आणि ते रिकामे झालेत हे मोजून बघणं ही सवयीची गोष्ट आहे. ती व्हिडिओ बघून पहिल्यांदा ॲम्पवरच शिकू नये. तंत्रज्ञही ट्यूब ॲम्प नेहमी करणारा बघा. उत्तम टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला इथल्या व्होल्टेजची आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या भाराची सवय असेलच असं नाही.

त्याच्याकडे जाताना ॲम्पबरोबर स्पीकरची केबल, फूटस्विच आणि शक्य असेल तर तुमचीच गिटार न्या. कागदावर लिहून द्या: लक्षण नेमकं काय, सुरू केल्यापासून किती वेळानं येतं, कोणत्या चॅनलवर, लूपमध्ये केबल लावल्यावर काय झालं, ट्यूबच्या जागा बदलल्यावर दोष हलला की नाही. ‘टोन गेला’ एवढंच सांगितलंत तर तो शून्यापासून सुरुवात करेल आणि त्या वेळेचे पैसे तुम्हीच देणार.

दोष तापल्यावरच येत असेल तर तेही ठळक लिहा. बाकावर उघडी ठेवलेली चासी थंड राहते आणि दोष दिसतच नाही. त्याला सांगा, काम झाल्यावर ॲम्प कॅबिनेटमध्ये बसवून, नेहमीच्या आवाजात तासभर चालवून मगच परत द्या. बायस बसवला असेल तर प्रत्येक पॉवर ट्यूबचा करंट आणि प्लेटचं व्होल्टेज लिहून घ्या आणि ती चिठ्ठी ॲम्पच्या मागच्या पट्टीच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या वेळी टोन हरवला तर तुलना करायला आकडे हाताशी असतील.